वेल्सच्या डोंगरात सगळे पळाले नव्हते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत इंग्लंडच्या जन्माविषयी आलेला लेख दोनदा वाचला. मराठी दैनिकाने या विषयाला अख्खं पान दिलं याचा मनापासून आनंद झाला. पण लेखासोबतचा नकाशा पाहून राहवलं नाही. जर्मनी-डेन्मार्ककडून ब्रिटनवर चालून आलेले तीन जाड बाण आणि लेखात ब्रिटनचे मूळ रहिवासी म्हटलेल्या लोकांचं नाव, 'केल्ट', पश्चिमेला, वेल्सच्या कोपऱ्यात रेटलेलं. तीस वर्षं माध्यमिक शाळेत इतिहास शिकवताना हाच नकाशा मीही फळ्यावर काढला आहे. सॅक्सन आले, त्यांनी केल्टांना कापून काढलं, वाचले ते डोंगरात पळाले. हे चित्र आता तसंच ठेवता येत नाही.

ते आलं कुठून, हे आधी पाहू. रोमन सत्ता ब्रिटनमधून साधारण इ.स. ४१० च्या सुमारास संपली. त्यानंतरच्या आक्रमणाचं रक्तरंजित वर्णन गिल्डस या सहाव्या शतकातल्या धर्मोपदेशकाने केलं. त्याला इतिहास लिहायचा नव्हता, आपल्याच पापी राजांची खरडपट्टी काढायची होती. अँगल, सॅक्सन आणि ज्यूट अशी तीन नावं आणि त्यांचे तीन मूळ प्रदेश दिले ते बीड या ख्रिस्ती भिक्षूने. त्याचा ग्रंथ ७३१ मध्ये पूर्ण झाला, म्हणजे घटनेनंतर जवळपास तीन शतकांनी. आपले तीन बाण हे बीडचे बाण आहेत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही पुरातत्त्वज्ञ अगदी दुसऱ्या टोकाला गेले. मूठभर योद्धे आले, स्थानिकांनी त्यांची भाषा, दागिने, दफनाच्या रीती उचलल्या, एवढंच झालं, असं ते म्हणू लागले. खरं सांगायचं तर मलाही हे पटलं होतं. मग २०२२ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्राचीन डीएनएचा मोठा अभ्यास आला. वायव्य युरोपातल्या ४६० मध्ययुगीन व्यक्तींच्या अवशेषांचा, त्यातल्या २७८ इंग्लंडमधल्या. पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमधल्या लोकांच्या वारशाचा ७६ टक्क्यांपर्यंतचा भाग उत्तर समुद्रापलीकडच्या किनारपट्टीतून आलेला निघाला. म्हणजे माणसं खरोखर मोठ्या संख्येने आली. आणि फक्त तलवारी घेऊन नव्हे, बायका-मुलांसह आली.

पण त्याच कबरींनी कत्तलीच्या कथेलाही धक्का दिला. एकाच दफनभूमीत आलेले आणि मूळचे शेजारी शेजारी पुरलेले आहेत, त्यांच्यात सोयरिकी झालेल्या आहेत. शस्त्रांसह पुरलेले पुरुष सगळे परदेशी नाहीत, स्थानिक रक्ताचेही आहेत. केंटमधल्या ईस्ट्री गावाजवळ सातव्या शतकात पुरलेली एक लहान मुलगी तर मनातून जात नाही. तिच्या वारशाचा सुमारे तिसरा हिस्सा पश्चिम आफ्रिकेतला आहे, वडिलांच्या बाजूने आलेला. कबरीत तिच्यासोबत भांडं, सुरी, चमचा आणि हाडाचा कंगवा ठेवला होता, जसा तिथल्या इतर घरांतल्या लेकींसोबत ठेवत. तिच्यासाठी कोणता बाण काढायचा?

कागदपत्रंही हेच सांगतात. दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्स या सॅक्सन राज्याच्या राजघराण्याचा मूळपुरुष म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, त्या सर्डिकचं नावच सॅक्सन नव्हे, मूळच्या स्थानिकांच्या भाषेच्या वळणाचं आहे. सातव्या शतकाच्या अखेरीस वेसेक्सच्याच इने राजाच्या कायद्यात जमीनदार 'वेल्श', म्हणजे मूळच्या स्थानिक, प्रजेची कलमं आहेत. त्यांच्या जिवाची भरपाई इंग्रजांपेक्षा कमी धरली होती, हा अन्याय उघड आहे. पण भरपाई ठरवावी लागली, म्हणजे ते तिथे होते, शेती करत होते. 'वेल्श' या शब्दाचा जुना अर्थ 'परका', आपल्या 'म्लेच्छ'च्या जातीचा शब्द. वेल्श लोक स्वतःला म्हणतात 'कम्री', म्हणजे एका मुलखातले, आपले.

आता 'केल्ट'विषयी. लेखात त्यांना ब्रिटनचे मूळ रहिवासी म्हटलं आहे. ग्रीकांनी 'केल्टोई' म्हटलं ते युरोपच्या मुख्य भूमीवरच्या लोकांना. रोमन सेनानी सीझर सांगतो, गॉलच्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, मध्यभागातले लोक स्वतःला केल्ट म्हणवतात. ब्रिटनच्या लोकांना हे नाव चिकटलं फार उशिरा. एडवर्ड लूइड या वेल्श विद्वानाने १७०७ मध्ये वेल्श, कॉर्निश, ब्रेटन, आयरिश आणि प्राचीन गॉलची भाषा यांचं नातं दाखवलं, त्यानंतर. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट इथल्या मिठाच्या खाणींजवळची दफनभूमी आणि स्वित्झर्लंडमधलं ला तेन इथे सापडलेल्या लोहयुगातल्या वस्तूंची सांगड केल्टांशी घातली गेली ती एकोणिसाव्या शतकात. भाषा, कलाकुसर आणि रक्त या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच शब्दात कोंबल्या की 'मूळचे' आणि 'उपरे' असे दोन कप्पे सहज तयार होतात.

आणि मूळचे तरी कोण? इ.स.पू. २४०० नंतर मुख्य भूमीवरून आलेल्या लोकांमुळे ब्रिटनचा सुमारे ९० टक्के वंशवारसा काही शतकांत बदलला. पुढे इ.स.पू. १००० ते ८७५ दरम्यान आणखी एक मोठी लाट आली. केल्टिक भाषा तिच्यासोबत आली असावी, असं काही संशोधक मानतात.

भाषेचं नातं मात्र थेट आपल्या घरापर्यंत येतं. वेल्शमध्ये नऊला 'नाउ' म्हणतात, दाताला 'दान्त'. सीझरशी लढलेल्या वर्सिंगेटोरिक्सच्या नावातला 'रिक्स' म्हणजे आपला राजा.

नकाशा पुन्हा छापणार असाल तर दोन बाण जरूर घाला, ही विनंती. एक ब्रिटनमधून दक्षिणेला, समुद्रापार. काही लोक समुद्र ओलांडून गेले हे गिल्डसनेच लिहिलं आहे. ते जिथे गेले त्या फ्रान्सच्या टोकाला आजही ब्रिटनी म्हणतात आणि वेल्शची बहीण शोभेल अशी ब्रेटन भाषा तिथे अजून बोलली जाते. दुसरा बाण पूर्वेला. इ.स.पू. २७९ मध्ये ग्रीसमधल्या डेल्फीवर चालून गेलेल्या केल्ट टोळ्यांच्याच लाटेतले काही पुढे आशिया मायनरमध्ये उतरले आणि आजच्या अंकाराच्या परिसरात स्थायिक झाले. त्या प्रदेशाचं नाव पडलं गलतिया. मराठी बायबलमधलं 'गलतीकरांस पत्र' हे नाव तिथलंच.

आपली वाचक,
निवृत्त इतिहास शिक्षिका, सातारा