लाकडी फ्रेटबोर्डचा हट्ट कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीतल्या छंदवर्गांवर लेख आला होता. त्यात युकुलेले, म्हणजे गिटारसारखे चार तारांचे छोटे वाद्य, घेऊ पाहणाऱ्या पालकांना एका ओळीत सल्ला होता, की फ्रेटबोर्ड (जिच्यावर बोटांनी तारा दाबतात ती पट्टी) लाकडीच बघून घ्या, प्लास्टिकच्या नादी लागू नका. का, ते काही लिहिले नव्हते. मी ते वाचून सोडूनही दिले असते, पण त्याच आठवड्यात माझी नात जिथे शिकायला जाते त्या क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला: जूनपासून प्लास्टिक फ्रेटबोर्डची वाद्ये क्लासला आणू नयेत. चौथी-पाचवीतली पोरं ही. ज्यांच्याकडे प्लास्टिकचे आहे त्यांची तोंडे उतरली आणि आयांची फोनाफोनी सुरू झाली. म्हणून हा पत्रप्रपंच.

माझी सगळी नोकरी कुपवाड एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगच्या डाय, म्हणजे साचे, बनवण्यात गेली. संगीत मला वाजवता येत नाही. मिरजेला दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जी संगीतसभा होते, तिथे मागे बसून ऐकणारा मी. त्यामुळे सुरावर मी बोलणार नाही, मिलिमीटरवर बोलेन. आणि युकुलेलेच्या फ्रेटबोर्डचा प्रश्न निम्म्याहून जास्त मिलिमीटरचाच आहे.

लहान मुलांच्या हातात असते ते सोप्रानो युकुलेले. त्याची तार वरच्या पट्टीपासून (फ्रेटबोर्डच्या वरच्या टोकाला तार जिच्यावर टेकते ती आडवी पट्टी) घोडीपर्यंत (तार खालच्या टोकाला जिच्यावर टेकते ती) साधारण ३४५ मिलिमीटर भरते. पडदे, म्हणजे फ्रेटबोर्डवरचे आडवे उंचवटे, कुठे बसवायचे याचा हिशेब ठरलेला आहे: उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचे, येईल तेवढ्या अंतरावर पुढचा पडदा. म्हणजे पहिला पडदा सुमारे १९.४ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, १७२.५ वर. आता बाराव्या पडद्यापाशी एक मिलिमीटर चूक झाली, तर शेजारशेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचे शंभर भाग धरून सूर दहा भागांनी हलतो. गिटारची तार जवळजवळ दुप्पट लांब, तिथे तेवढीच चूक पाच भागांत निभावते. एवढेसे वाद्य म्हणून पालक त्याला खेळणे समजतात, पण माप चुकले तर गिटारपेक्षा तेच जास्त बेसूर होते.

आता प्लास्टिक. बऱ्यापैकी युकुलेलेचा प्लास्टिक फ्रेटबोर्ड पॉलिकार्बोनेट या कडक प्लास्टिकचा असतो. अमेरिकेतल्या मॅजिक फ्लूक कंपनीने १९९९ पासून असे फ्रेटबोर्ड वापरले. फ्रेटबोर्ड आणि त्याच्यावरचे पडदे एकाच साच्यातून एकसंध निघतात. पडद्यांसाठी वेगळी धातूची तार ठोकून बसवायची भानगड नाही. साच्यातून निघून थंड होताना पॉलिकार्बोनेट अर्धा ते पाऊण टक्का आकसते. इथे एक गंमत आहे. फ्रेटबोर्ड सगळीकडे सारखा आकसला, तर पडद्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण बिघडत नाही, फक्त घोडी त्या हिशेबाने थोडी अलीकडे घ्यावी लागते. हे आकसणे धरूनच डाय कापतात. आणि डाय एकदा बरोबर उतरली की पहिला नग आणि दहा हजारावा नग यांत फरक शोधून सापडत नाही. नातीच्या वाद्याला मी व्हर्निअर (बारीक मापे घ्यायचे साधन) लावून पाहिले. पडदे जिथे असायला हवेत तिथेच आहेत, आणि सगळ्यांची उंची एक.

शेजारच्या मुलीसाठी तिच्या वडिलांनी, क्लासचा निरोप आल्यावर, घाईघाईने लाकडी फ्रेटबोर्डचे एक स्वस्त वाद्य मागवले. ते मी हातात घेतले. शिसवीचा फ्रेटबोर्ड असे खोक्यावर छापलेले. ओल्या फडक्यावर थोडे स्पिरिट घेऊन एका कोपऱ्याला पुसले, तर फडके काळे झाले आणि खालून पांढरट लाकूड दिसले. कडेने कापसाचा बोळा फिरवला, तर जवळजवळ प्रत्येक पडद्याच्या टोकाला तंतू अडकले. मुलीच्या तर्जनीला बाजूने बारीक ओरखडे होते. पाच आणि सहा नंबरचे पडदे शेजाऱ्यांपेक्षा उंच बसलेले. स्टीलची छोटी पट्टी तीन पडद्यांवर आडवी ठेवली की डुगडुगत होती. चौथ्यावर तार दाबली की ती पुढच्या उंच पडद्याला लागून खरखरायची. हे वाद्य क्लासच्या नियमात बसते. नातीचे बसत नाही.

पडद्याची टोके बाहेर का येतात, हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. होळीनंतर सांगलीची हवा इतकी कोरडी होते की घराचे दरवाजे सैल पडतात, आणि जुलैत तेच दरवाजे फुगून लागत नाहीत. लाकूड आडवे आकसते, त्यात बसवलेली धातूची तार मात्र आकसत नाही. फ्रेटबोर्ड अर्धा मिलिमीटर जरी अरुंद झाला तरी टोके बोटाला टोचतात. नीट वाळवलेल्या चांगल्या लाकडात हे कमी होते, पण चांगले वाळवलेले लाकूड त्या किमतीत कोण देणार? पॉलिकार्बोनेटला या हवेचे फारसे सोयरसुतक नाही. २०१९ च्या महापुरात आमच्या ओळखीच्या एका घरातली बाजाची पेटी पाण्यातून काढली तेव्हा तिचे सांधे सुटून फळ्या वेगळ्या झाल्या होत्या. कोणी युकुलेले पुरात बुडवायला घेत नाही, हे मान्य. पण एप्रिलमध्ये उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ते विसरणारी मुले घरोघर आहेत. तेवढ्या उष्णतेत लाकडी वाद्याची घोडी डिंक सैल होऊन उचकटते, पॉलिकार्बोनेट मात्र सुमारे १४७ अंशांपर्यंत मऊ पडत नाही.

'पण प्लास्टिकचा आवाज येतो हो!' असे क्लासच्या बाई म्हणाल्या. इथे वडाची साल पिंपळाला लावली जाते आहे. मोकळी तार वरच्या पट्टीवर आणि घोडीवर टेकते, फ्रेटबोर्डला ती शिवतच नाही. बोटाने दाबली तरी ती पडद्याच्या माथ्यावर टेकते. आवाज घडतो तो मुख्यतः घोडीखालच्या पातळ पाटीतून, वाद्याच्या पोकळ पेटीच्या आकारातून आणि तारेतून. सबंध वाद्यच प्लास्टिकचे असेल तर आवाज पातळ येतो, त्याबद्दल वाद नाही. पण वरची पाटी लाकडी आणि फक्त फ्रेटबोर्ड पॉलिकार्बोनेटचा, अशीही वाद्ये आहेत, आणि नातीचे तसेच आहे. दुसरे असे की, ज्यांचा कान तंबोऱ्यावर तयार झाला त्यांना युकुलेलेचा गांधार चढा लागणारच. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गांधार या पडद्यांवरच्या गांधारापेक्षा चौदा भाग खाली असतो. फ्रेटबोर्ड चंदनाचा केला तरी तो फरक जाणार नाही. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, हवे तसे सरकवता येतात. इथे ते जागचे हलत नाहीत.

ज्यांना वाटते की प्लास्टिक ही हल्लीची फसवेगिरी आहे, त्यांच्यासाठी थोडा इतिहास. पोर्तुगालच्या मडेरा बेटावरची छोटी गिटारे घेऊन १८७९ च्या ऑगस्टमध्ये 'रेव्हन्सक्रॅग' नावाचे जहाज होनोलुलूला लागले, त्यातल्या सुतारांनी हवाईत हे वाद्य घडवले. सत्तर वर्षांनी, १९४९ मध्ये, मारिओ मकाफेरी या इटालियन गिटारकाराने पॉलिस्टायरिन या प्लास्टिकचे युकुलेले बाजारात आणले, आणि ते लाखोंनी खपले. हा गृहस्थ त्याआधी प्लास्टिकचे कपड्यांचे चिमटे बनवत होता. डायमेकर म्हणून मला त्याच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी आहे, हे कबूल करतो.

लाकडाची खरी बाजू कोणी सांगत नाही, म्हणून तीही मीच सांगतो. लाकडी फ्रेटबोर्डचा पडदा झिजला तर उपटून नवा बसवता येतो. पडद्याची ही तार तांबे, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूची असते, चिवट असते. प्लास्टिकचा पडदा झिजला की त्याला इलाज नाही, सगळा फ्रेटबोर्डच बदलायचा. झीज कशाने होते? नायलॉन किंवा फ्लोरोकार्बनच्या गुळगुळीत तारांनी फारशी होत नाही. पण काही जण खालचा षड्ज भरदार यावा म्हणून धातूचे वेटोळे गुंडाळलेली तार चढवतात, ती पॉलिकार्बोनेटवर कानशीसारखी चालते. स्टीलची तार तर चढवूच नये. तेव्हा मूल दोन-तीन वर्षे शिकण्यात टिकले, हात बसला, जाड तार हवी म्हणू लागले, की खुशाल लाकडी घ्या आणि चांगल्यापैकी घ्या. आपल्याकडे तर मिरज हाकेच्या अंतरावर आहे. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांनी तिथे सतारी-तंबोरे करायला घेतले त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या गल्लीतला एक ओळखीचा कारागीर शेजारच्या मुलीच्या वाद्याची टोके घासून द्यायला तयार झाला. बारीक कानस, मग पॉलिश पेपर, आणि तासाभरात पडद्यांची टोके गोल. पैसे घेताना मात्र तो हसून म्हणाला, 'काका, वाद्यापेक्षा दुरुस्ती भारी पडंल हं.' तेही खरेच आहे.

निगेबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडे प्रत्येक लाकडाला खोबरेल चोळायची सवय आहे. फ्रेटबोर्डला खोबरेल किंवा शेंगतेल लावू नका, कालांतराने ते खवट होऊन चिकटते. वर्षातून एकदा पातळ मिनरल ऑइलचा हात पुरे. आणि प्लास्टिक फ्रेटबोर्डवर थिनर किंवा नेलपॉलिश काढायचे औषध चुकूनही नको, पॉलिकार्बोनेट त्याने तडकते. नुसते ओले फडके बस्स.

जत्रेत मिळणारी रंगीत खेळणी, ज्यांचे पडदे डोळ्याच्या अंदाजाने आखलेले असतात, ती क्लासने जरूर परत पाठवावीत. तिथे माझा शिक्षकांना पूर्ण पाठिंबा आहे. पण ती ओळखायची कसोटी प्लास्टिक ही नव्हे. बाराव्या पडद्यावर बोट नुसते टेकवून तार छेडा, मग तीच तार त्याच पडद्यावर दाबून छेडा, आणि मोबाइलवरच्या ट्यूनरमध्ये दोन्ही सूर जुळतात का पाहा. मग तिसऱ्या पडद्यावर तार दाबा आणि पहिल्या पडद्याच्या माथ्यावर तारेखाली किती फट राहते ते बघा. कागद जाईल एवढी असली की पुरे. जास्त असेल तर वरची पट्टी उंच आहे, पोरांची बोटे दुखणार, आणि पहिल्या पडद्यावरचा सूर चढणार. याला दोन मिनिटे लागतात आणि एक पैसा लागत नाही.

तेव्हा संबंधित क्लासने आणि सुट्टीत असे वर्ग घेणाऱ्या इतरांनीही जूनपासूनचा तो नियम मागे घ्यावा. नियम हवाच असेल तर असा करावा: वाद्य पहिल्या दिवशी शिक्षकांनी स्वतः वरच्या दोन प्रकारांनी तपासावे, आणि प्लास्टिक फ्रेटबोर्डवर गुळगुळीत तारच असावी. तपासायला माणूस नसेल तर एक रविवार मी व्हर्निअर घेऊन येतो. मानधन नको, चहा चालेल.

आपला,
एक निवृत्त डायमेकर
विश्रामबाग, सांगली
(नाव व पत्ता कार्यालयाच्या माहितीसाठी सोबत दिला आहे, छापू नये.)