खासदार आधी, संन्यासिनी नंतर

ग्वाल्हेर

प्रिय नंदू,

"संन्यास घेतलेल्या बाईला सत्ता कशाला हवी?" उमा भारतींबद्दलचा तुझा हा प्रश्न दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

टीकमगढ जिल्ह्यातलं डुंडा गाव, लोधी समाजाचं शेतकरी घर, शाळा जेमतेम सहावीपर्यंत. तरी ही मुलगी लहानपणीच रामायणावर प्रवचनं करायची. तिला राजकारणात आणलं ते आमच्या इथल्या राजमातांनी, विजयाराजे शिंद्यांनी. १९८४ला खजुराहोत हरली, १९८९ला तिथूनच जिंकली. उडुपीच्या पेजावर स्वामींकडून दीक्षा घेतली १९९२ला. म्हणजे खासदार आधी, संन्यासिनी नंतर! सत्ता तिने आधीच पाहिली होती गं.

त्याच वर्षी अयोध्या. मशीद पडली तेव्हा ती तिथे होती. २०२०ला लखनौच्या न्यायालयाने तिच्यासह सगळ्या ३२ आरोपींना निर्दोष सोडलं, पण पुढच्या दंगलींत गेलेली माणसं आठवली की माझं मन तिच्याबाबतीत आजही घट्ट मिटतं.

आणि तरीही. २००३ आठवतंय? तेव्हा इथली वीज कधी जाईल नेम नसायचा, उत्तरपत्रिका मी मेणबत्तीवर तपासायचे. "बिजली, सडक, पानी" म्हणत ती आली आणि मध्य प्रदेशात २३०पैकी १७३ जागा भाजपला मिळाल्या, ती मुख्यमंत्री झाली. आठ महिन्यांत कर्नाटकातल्या हुबळीच्या जुन्या दंगलीच्या खटल्यात तिच्यावर वॉरंट निघालं, तिने खुर्ची सोडली. ती पुन्हा मिळाली नाही. पुढच्या वर्षी शिवराजसिंहांना मुख्यमंत्री केलं, तेव्हा ती भोपाळहून अयोध्येकडे पायीच निघाली.

मला भिडतं ते वेगळंच. संन्याशाला जात नसते म्हणतात. पण महिला आरक्षणाचा विषय निघाला की १९९६लाही आणि २०२३लाही ती विचारतेच, त्यात ओबीसी बायकांचं काय? स्वतःच्याच पक्षाचं सरकार असताना २०२२च्या मार्चमध्ये भोपाळच्या दारूच्या दुकानात शिरली आणि मांडलेल्या बाटल्यांवर दगड भिरकावला. भगव्या वस्त्रातला तो उगारलेला हात मी टीव्हीवर पाहिला. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी पदर खोचून तशाच उभ्या राहिल्या होत्या, काही न बोलता. त्यांच्या घरात दारूने काय केलंय ते तुला माहीत आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने घरच्यांशी असलेली नाती सोडल्याचं जाहीर केलं. आता मला 'दीदी माँ' म्हणा, म्हणाली. दीक्षा घेऊन तीस वर्षं झाली होती, नंदू.

तुझीच