एंटर दाबायच्या आधी ती यादी वाचा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहते, आमच्या वाड्यावरच्या वाचनालयात पाच जुने कॉम्प्युटर आहेत ते मी सांभाळते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, अकरा नंबरचं विंडोज काय या मशीनवर चढेना, म्हणून आम्ही पाचही मशीनवर विंडोजच्या जागी उबुंटू ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. मशीन मस्त चालतात, त्याबद्दल तक्रार नाही. माझं म्हणणं वेगळंच आहे.

दिवाळीच्या आधी, पोरं नरकासुर बांधण्यात गुंग होती तेव्हाची गोष्ट. बारावीतला एक मुलगा रोज संध्याकाळी येऊन पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत होता, त्याला नवीन व्हर्जन पाहिजे होतं म्हणून त्याने कुठेतरी वाचून आधी जुनं काढायचं ठरवलं आणि टर्मिनलवर, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, टाईप केलं सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन३. (ॲप्ट म्हणजे उबुंटूत प्रोग्राम घालायची-काढायची कमांड, आणि सुडो म्हणजे ती मशीनच्या मालकाच्या अधिकाराने चालवणं.) समोर लांबलचक यादी आली, खाली प्रश्न आला, त्याने एंटर दाबलं. मशीन परत चालू केलं तर काळा स्क्रीन आणि लॉगिन विचारणारी एक ओळ, बाकी काही नाही. पोरगा इतका घाबरला की दोन दिवस वाचनालयाकडे फिरकलाच नाही.

त्याची चूक मला मोठी वाटत नाही, कारण त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. उबुंटूचे कितीतरी भाग पायथनवर उभे आहेत, ते काढलं की त्याच्यावर अवलंबून असलेलं सगळं, डेस्कटॉपसकट, बरोबर जातं. आणि ॲप्ट हे लपवत नाही हो, काय काय जाणार ते नावानिशी दाखवतं आणि मगच विचारतं. पण त्या प्रश्नात वाय, म्हणजे हो, मोठ्या लिपीत असतो आणि एन, म्हणजे नाही, लहान, म्हणजे नुसतं एंटर दाबलं तरी ते हो धरतं, हे किती जणांना माहीत आहे? ॲप्टच्या ३ नंबरच्या व्हर्जनपासून काढायची नावं लाल रंगात येतात, आमच्याकडे त्याच्या आधीचं आहे, तिथे सगळं एकाच रंगात.

मशीन दुरुस्त झालं. कंट्रोल ऑल्ट एफ३ दाबून लॉगिन केलं, फोन केबलने जोडून नेट घेतलं, ॲप्टची हिस्टरी लॉग म्हणून फाईल असते त्यात काय काय गेलं ते तारीखवार लिहिलेलं होतं, मग सुडो ॲप्ट इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप केलं आणि राहिलेली नावं त्या फाईलीत बघून एकेक परत घातली. आमच्याकडे रेंज कशी असते ते सत्तरीतल्या माणसाला सांगायला नको, त्यात अख्खी संध्याकाळ गेली. मुलाला घरी जाऊन बोलावून आणलं आणि त्याच्याच हातून शेवटची कमांड मारून घेतली.

कॉम्प्युटरच्या क्लासात इन्स्टॉल कसं करायचं ते शिकवतात, काढायचं कसं ते कोणी शिकवत नाही. रिमूव्ह केलं तर प्रोग्राम जातो पण त्याच्या सिस्टीममधल्या सेटिंगच्या फाईली मागे राहतात, पर्ज केलं तर त्याही जातात, आणि ऑटोरिमूव्ह म्हणजे त्या प्रोग्रामसाठी म्हणून आलेलं जे आता कोणालाच लागत नाही ते साफ करणं. हा फरक पाच मिनिटांत समजतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कमांडला हायफन एस जोडला की काहीच काढलं जात नाही, फक्त काय होईल ते दिसतं, त्याला पासवर्डसुद्धा लागत नाही. आमच्याकडे आता मी मुलांना काहीही काढायच्या आधी हे करायला लावते आणि यादी मोठ्याने वाचायला लावते, आणि नावं दोन-तीनपेक्षा जास्त असली की मला हाक मारायची.

आपल्याला विनंती एवढीच की शनिवार-रविवारच्या पानावर अधूनमधून अशा गोष्टींना मराठीतून थोडी जागा द्यावी. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सगळीकडची मुलं हे कॉम्प्युटर वापरतात आणि त्यांना ही माहिती बहुतेक इंग्रजीतूनच मिळते, त्यातली निम्मी डोक्यावरून जाते. लिहायला माणूस मिळत नसेल तर मी लिहून देईन, मानधन नको.

आपली,
एक वाचक, सत्तरी