पॉकेट शार्कची अर्धीच बातमी

संपादक साहेब,

नमस्कार. रविवारच्या पुरवणीत अंधारात चमकणाऱ्या पॉकेट शार्कबद्दल चार ओळी छापल्यात आणि शेजारी फोटो कुणाचा तर जबडा वासलेल्या ग्रेट व्हाइट शार्कचा! अहो तो मासा जेमतेम 14 सेंटिमीटरचा आहे, आमच्याकडे बाजारात मोरीची (म्हणजे खायच्या छोट्या शार्कची) जी पिल्लं येतात ती पण बहुतेक याच्यापेक्षा मोठी असतात. बरं फोटो एकवेळ सोडून देऊ, पण "समुद्रात नवा शार्क सापडला" असं जे लिहिलंय तिथेच सगळी गंमत गेली, कारण ओळख पटायची म्हणाल तर हा शार्क सापडला फ्रीजरमध्ये.

झालं असं की 2010 च्या फेब्रुवारीत नोआ या अमेरिकन सरकारी संस्थेचं जहाज मेक्सिकोच्या आखातात होतं, स्पर्म व्हेल काय खातात याचा अभ्यास चालू होता, जाळ्यात जे जे आलं ते गोठवून ठेवलं आणि त्यातच हे शार्कचं पिल्लू पडून राहिलं. 2013 मध्ये मार्क ग्रेस हे संशोधक ते जुने सॅम्पल चाळत बसले होते तेव्हा त्यांच्या नजरेला पडलं. याच्यासारखा दुसरा एकच नमुना तोवर जगात होता, 1979 मध्ये पार तिकडे पूर्व पॅसिफिकमध्ये मिळालेली 40 सेंटिमीटरची मादी. दोन्ही एकच जात का हे बघायला याला चिरून चालणार नव्हतं, एकुलता एक ना, म्हणून फ्रान्समध्ये ग्रेनोबलला सिंक्रोट्रॉन नावाच्या अवाढव्य यंत्रातल्या प्रखर एक्सरेने आतून स्कॅन केला. मणके त्या मादीपेक्षा 10 कमी निघाले, अंगावर प्रकाश देणारे बारीक ठिपके दिसले, आणि 2019 मध्ये मोलिस्क्वामा मिसिसिपिएन्सिस म्हणून वेगळी जात जाहीर झाली. छातीच्या परांजवळ दोन्ही बाजूंना एकेक खिसा आहे त्यातून चमकणारा द्रव बाहेर सोडतो, तो भक्ष्याला भुलवायला की शत्रूला चकवायला हे अजून नक्की नाही. तुमच्या बातमीत मात्र "शिकारीसाठी" असं ठोकून दिलंय.

मला सगळ्यात विचार करायला लावलं ते त्याच्या नाळेच्या खुणेने. खूण अजून ताजी म्हणजे पिल्लू नुकतंच जन्मलेलं, म्हणजे आईसुद्धा त्याच आखातात कुठेतरी असणार. आणि पुढच्या दोनच महिन्यांत, एप्रिल 2010 मध्ये, त्याच आखातात डीपवॉटर हॉरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या फलाटावर स्फोट झाला आणि जवळजवळ तीन महिने खोल समुद्रात तेल वाहत राहिलं. तेलगळतीच्या आधी तिथे काय काय जगत होतं हे सांगणारे असले नमुने आता नव्याने गोळा करता येतील का, तुम्हीच सांगा! आज तो मासा लुईझियानात टुलेन विद्यापीठाच्या मत्स्यसंग्रहात आहे. असल्या संग्रहांवर पैसे खर्च करायची वेळ आली की लोक म्हणतात बाटल्यांत मेलेले मासे कशाला सांभाळायचे, त्यांना उत्तर द्यायला ही एक बातमी पुरली असती हो, आणि नेमका तोच भाग तुम्ही कापला.

जागा कमी असते हे मान्य, पण पानभर राशिभविष्य बसतं तिथे ही गोष्ट दोन कॉलममध्ये बसेल. पुढच्या रविवारी नीट छापा, आणि फोटो त्याच माशाचा टाका, नोआने प्रसिद्ध केलेला आहे.

आपला,
एक जुना वाचक, मालवण