पकडलेल्या गाढवांचं पुढे काय होतं?

मा. संपादक,
स.न.

नदीतली वाळू चोरताना गाढवं पकडली, टेम्पोत कोंबून नेली जाणारी गाढवं सोडवली, अशी बातमी आपल्या पेपरात अधूनमधून येते आणि वाचून बरं वाटतं, पण बातमी तिथंच संपते. ती गाढवं गेली कुठं, त्यांना आज कोण खायला घालतंय, हे कधी छापून येत नाही. म्हणून हे पत्र लिहितेय. सुटका एका दिवसात होते हो, पण नीट सांभाळलं तर गाढव तीस-तीस वर्षं जगतं आणि एवढ्या वर्षांचा कडबा, औषधपाणी, शेड हा सगळा खर्च कोणीतरी उचलावा लागतो. आम्ही चार मैत्रिणी मिळून गेली पाच वर्षं एका संस्थेतली गाढवं स्पॉन्सर करतोय, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम त्यांच्या नावानं जाते. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पत्राची जाहिरात व्हायला नको.

आमच्या घरामागं नदीकाठाला वीटभट्ट्या आहेत, दिवाळी झाली की सुरू होतात ते पाऊस लागेपर्यंत. एका मे महिन्यात भर दुपारी एक गाढव विटांसकट रस्त्यातच बसलं, उठेचना. गोणीतल्या विटा उतरवायला मीही हात लावला, उतरवता उतरवता मोजल्या तर चाळीस भरल्या. एक वीट तीन किलोची धरली तरी हिशोब करा. नंतर शोधलं तेव्हा कळलं की १९६५ सालचा केंद्राचा नियमच आहे, गाढवावर ५० किलोच्या वर ओझं घालायचं नाही, दिवसाला नऊ तासांच्या वर काम नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर गेला तर दुपारी बारा ते तीन जुंपायचंच नाही. इतका जुना नियम, आणि भट्टीवरच्या माणसाला माहीत नाही, मला माहीत नाही, रस्त्यावर जमलेल्या एकालाही माहीत नाही. त्या माणसाला मी दोष देत नाही, त्याची बायको त्याच उन्हात डोक्यावर विटा वाहत होती.

त्यानंतर आम्ही संस्था शोधली. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथं एक महिन्याभराचं शिंगरू होतं, कापसासारखं मऊ, आम्ही चौघी त्याच्याभोवती, फोटो काय, व्हिडिओ काय, आणि ह्यालाच स्पॉन्सर करायचं असं ठरवूनही टाकलं. तिथं सांभाळणारे काका म्हणाले, "ताई, पिल्लू सगळेच घेतात. त्या दोघींना कोणी विचारत नाही." कोपऱ्यात दोन म्हाताऱ्या गाढविणी उभ्या होत्या, धुरपा आणि सखू. धुरपाच्या दोन्ही नाकपुड्या वरपर्यंत चिरलेल्या होत्या. अपघात नाही, मुद्दाम चिरतात, नाक मोकळं केलं की ओझं वाहताना दम लागत नाही अशी समजूत आहे. फायदा काडीचा होत नाही, वेदना मात्र खऱ्या असतात. सखूचे पुढचे खूर इतके वाढलेले की टोकं वर वळून जुन्या मोजडीसारखे दिसत होते, ती टाचांवर तोल सांभाळत चालायची. असे खूर एकदम कापता येत नाहीत, थोडे थोडे कापत सरळ करत आणावे लागतात, आणि पुढं जन्मभर दर सहा ते दहा आठवड्यांनी कापावे लागतात. आमच्या पैशातलं पहिलं काम तेच झालं.

मी म्हटलं होतं एकच परवडेल. काका म्हणाले, घेणार असाल तर जोडीनं घ्या. गाढवं एकमेकांना फार धरून असतात, सोबतीण गेली तर दुसरी खाणं सोडते, आणि गाढवानं खाणं सोडलं की अंगातली चरबी रक्तात उतरते, लिव्हर जातं आणि थोड्याच दिवसांत जनावर हातचं जातं. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मैत्रिणींना तयार करताना मी नाथांची गोष्ट काढली, काशीची कावड रामेश्वराला निघालेली आणि वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला ते पाणी पाजलं ती. त्यावर एक जण म्हणाली, नाथांनी एकदा पाजलं, आपल्याला रोज पाजायचंय, जमेल का ते आधी बघू. तिचं बरोबर होतं. वाढदिवसाला पाच हजार देऊन मोकळं होणं सोपं असतं, पण संस्थेला मार्चमध्ये कडबा भरून ठेवायचा असतो, पावसाआधी शेडचे पत्रे बदलायचे असतात. गाढव मूळचं आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखातलं, त्याच्या केसांवर पाऊस ठरत नाही, आत मुरतो, त्यामुळं डोक्यावर छप्पर लागतंच. महिन्याला थोडे पण नक्की येणारे पैसे असतील तरच हे सगळं जमतं.

इंग्लंडमध्ये डेव्हनला एलिझाबेथ स्वेन्डसेन या बाईंनी १९६९ मध्ये गाढवांची संस्था काढली. १९७४ मध्ये दुसरी एक गाढवं सांभाळणारी बाई वारली आणि मृत्युपत्रात तिची २०४ गाढवं ह्यांच्या नावावर करून गेली. एका दिवसात २०४! आज तिथं लोक गाढवं दत्तक घेऊन पैसे पाठवतात आणि ती संस्था आपल्या भारतातही काम करते. आपल्याकडं जनावरं सांभाळणारी एकटीदुकटी माणसं गावोगाव आहेत, त्यांच्यामागं काय, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणि गाढवं राहिलीत तरी किती? २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वातीन लाखांच्या आसपास होती, २०१९ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास. यंत्रं आली, टेम्पो आले, हे एक कारण. चीनमध्ये गाढवाच्या कातड्यापासून औषधी जिलेटिन करतात, त्यासाठी जगभर गाढवं मारली जातात, हे दुसरं. आफ्रिकन युनियननं २०२४ मध्ये कातड्यासाठीच्या कत्तलीवर बंदी घातली. आपल्याकडं कायद्यानं खायच्या जनावरांत गाढव बसत नाही तरी आंध्रात मांस विकलं जातं.

ज्यांना स्पॉन्सर करायचंय त्यांनी आधी जाऊन यावं, न सांगता गेलात तर उत्तम. खूर शेवटचे कधी कापले ते विचारा, वही दाखवा म्हणा. देणगीवर आयकरात सूट मिळण्यासाठीची ८०जीची पावती मागा, आणि दोन हजारांच्या वर रोख देऊ नका, त्यावर सूट मिळत नाही. खाऊ न्यायच्या आधी फोन करा. आम्ही पिशवीभर चपात्या नेल्या होत्या, काकांनी हात जोडून परत दिल्या, गाढवाला कोरडा चाराच मानवतो.

गेल्या श्रावणात धुरपा गेली. म्हातारपणानं, झोपेत. काकांचा सकाळी फोन आला, आम्ही पोचलो तर तिला तशीच ठेवली होती, आणि सखू तिच्या मानेवर नाक टेकवून उभी. खड्डा तयार होता, पण काकांनी कोणाला हात लावू दिला नाही, म्हणाले तिला कळू दे. दुपारी ती दोनदा लांब जाऊन परत आली. चार वाजता आपली आपण हौदावर गेली, पाणी प्यायली आणि परत आली नाही. मग पुरलं. पुढचे आठ दिवस काका तिच्याजवळ बसून कडब्याची पानं एकेक करून भरवत होते. सखू जगली.

संपादक साहेब, एकच विनंती. सुटकेची बातमी छापली की सहा महिन्यांनी आपला वार्ताहर परत पाठवा आणि ती गाढवं कशी आहेत ते चार ओळीत का होईना छापा. सखू आता बाळू नावाच्या एका लंगड्या गाढवाबरोबर असते, आणि बाळूला अजून स्पॉन्सर नाही. येत्या महिन्यात खूर कापायला माणूस येणार आहे, आम्ही चौघी जाणार आहोत. कोणाला यायचं असेल तर माझा नंबर आपल्या ऑफिसात देऊन ठेवते. येताना कडब्याच्या पेंढ्या आणल्या तर चालतील.

आपली,
एक वाचक, सांगली