किल्ला बंद असताना किल्ल्याची सहल विकल्याबद्दल तक्रार

लातूर
दि. १८ जुलै २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : ७ ते ९ जूनच्या मालवण-तारकर्ली सहलीत सिंधुदुर्ग किल्ला न दाखवल्याबद्दल व १५ ऑगस्टच्या सहलीची जाहिरात मागे घेण्याबद्दल

महोदय,

मी औसा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. आमच्या घरची नऊ माणसं तुमच्या सहलीला आली होती. परत आल्यापासून मी तुमच्या लातूरच्या कार्यालयात तीनदा फोन केला आणि एकदा स्वतः जाऊन आले. प्रत्येक वेळी ‘वर कळवतो’ एवढंच उत्तर मिळालं. म्हणून आता लेखी कळवते आहे.

आम्ही ४ मे रोजी बुकिंग केलं. माणशी ९,५०० प्रमाणे ८५,५०० रुपये ठरले आणि त्यातले ३०,००० त्याच दिवशी भरले. तुमच्या माणसानं दोन तारखा पुढे ठेवल्या होत्या, १७ मे आणि ७ जून. जूनमध्ये गर्दी कमी असते, हॉटेलही चांगलं देता येतं, असं त्यानंच सांगितलं. मी तेव्हाच विचारलं होतं, “पाऊस लागला तर किल्ल्यावर होडी जाते का?” उत्तर आलं, “मॅडम, सगळं चालू असतं, काळजी करू नका.” माझे यजमान शेजारी बसलेले होते. त्यांनीही हे ऐकलं.

हा प्रश्न मी सहज विचारला नव्हता. आम्ही निघालो होतो तेच मुळात किल्ल्यासाठी.

आमच्या भागात किल्ल्यांना तोटा नाही. औशाचा किल्ला शाळेच्या सहलीत मी कितीतरी वेळा दाखवला आहे. उदगीर पाहिलं आहे, आणि नळदुर्गच्या पाणीमहालात उभं राहून नर-मादी धबधबेही पाहिले आहेत. पण समुद्रातला किल्ला आमच्या घरात कुणीच पाहिला नव्हता. मी चौथीच्या वर्गाला शिवरायांचा इतिहास शिकवते. कुरटे बेट, हिरोजी इंदुलकरांची देखरेख, पायात ओतलेलं शिसं, जवळ जाईपर्यंत दिसत नाही असा गोमुखी दरवाजा, जवळपास तीन किलोमीटरचा तट, हे सगळं मी फळ्यावर चित्र काढून सांगत आले आहे. मुलं सर्वांत जास्त रमतात ती तीन विहिरींच्या गोष्टीत. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी! लातूरच्या लेकराला ही गोष्ट किती लागते, ते बाहेरच्याला लवकर कळायचं नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं गाव आहे हे. उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधी एका मुलीनं वर्गात विचारलं होतं, “बाई, समुद्रातल्या विहिरीचं पाणी गोड कसं?” मी तिला म्हणाले होते, या वेळी मी स्वतः पिऊन येते, मग सांगते.

आणि माझ्या सासूबाई. त्या ७१ वर्षांच्या आहेत, माळकरी आहेत, गुडघे दुखतात. त्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. किल्ल्यावर राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवरायांचं मंदिर आहे, चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, हे मी सांगितल्यावर त्या यायला तयार झाल्या. घरून निघताना त्यांनी पिशवीत एक नारळ आणि तांब्याचा छोटा गडू घेतला होता. नारळ महाराजांपुढे फोडायला आणि गडू दूधबावीचं पाणी आणायला. पंढरपूरहून चंद्रभागेचं आणतात तसं.

६ जूनच्या रात्री लातूरहून निघालो. सोलापूर, कोल्हापूर, राधानगरी करत फोंडा घाट उतरून दुसऱ्या दिवशी दुपारी मालवणात पोचलो. पाचशे किलोमीटरच्या वर प्रवास झाला. घाटात सासूबाईंना उलट्या झाल्या, तेव्हा तुमच्या ड्रायव्हरनं दोनदा गाडी थांबवून त्यांना पाणी दिलं. तो माणूस चांगला होता, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. हॉटेलही स्वच्छ होतं.

८ जूनला सकाळी नऊ वाजता आम्ही मालवणच्या जेट्टीवर होतो. किल्ला समोर होता. इतका जवळ की तटाचे दगड वेगवेगळे दिसत होते. पण धक्क्याला एकही होडी लागलेली नव्हती. सगळ्या होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या होत्या. तुमचा सहल व्यवस्थापक फोनवर बोलत इकडेतिकडे फिरत होता. तिथल्याच एका माणसाला मी विचारलं, तर तो म्हणाला, “होडी आता सप्टेंबरात. दरवर्षीच बंद असते की, तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. व्यवस्थापक आला आणि म्हणाला, “किल्ला इथूनही छान दिसतो, फोटो काढून घ्या.” सासूबाई हातात नारळ घेऊन उभ्या होत्या. त्यांना आधी समजेनाच. त्यांना वाटलं, होडी यायला वेळ आहे, म्हणून त्या जेट्टीच्या कडेला खाली बसल्या. पाऊण तास बसल्या. शेवटी मीच जाऊन सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, “एवढ्या लांब आले अन् उंबऱ्यावरून माघारी फिरायचं का गं?”

आता मुद्द्याचं. तुमच्या कार्यालयातून मला दोनदा सांगण्यात आलं की, समुद्र खवळल्यामुळे शासनानं अचानक बंदी घातली, आणि नैसर्गिक कारणानं कार्यक्रम बदलला तर पैसे परत मिळत नाहीत, अशी अट पावतीच्या मागे छापलेली आहे. या ‘अचानक’ शब्दावर माझी हरकत आहे. तिथली प्रवासी होडी वाहतूक आणि जलक्रीडा दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बंद होतात आणि ३१ ऑगस्टपर्यंत बंद राहतात. मालवणात हे चहाच्या टपरीवरच्या पोरालाही माहीत आहे. वादळ अचानक येतं, दरड अचानक कोसळते. त्यासाठी ती अट आहे आणि ती मला मान्य आहे. पण दरसाल ठरलेल्या दिवसांत होणारी गोष्ट ही नैसर्गिक आपत्ती नसते. ती बुकिंग घेतानाच सांगायची माहिती असते. तुम्ही या व्यवसायात आहात. आम्हाला ही माहिती नसणं साहजिक होतं, तुम्हाला नसणं शक्य नाही.

आणि समजा ४ मे रोजी तुमच्या माणसाकडून नजरचुकीनं राहून गेलं. पण उरलेले ५५,५०० रुपये तुम्ही आमच्याकडून ३० मे रोजी घेतले. तोपर्यंत होड्या बंद झालेल्या होत्या. त्या दिवशी एका फोननं आम्हाला सांगता आलं असतं. आम्ही तारीख बदलून दिवाळीत गेलो असतो. सासूबाईंसाठी आम्ही आनंदानं थांबलो असतो.

तुमच्या छापील पत्रकात ‘सिंधुदुर्ग किल्ला होडीच्या तिकिटासह, देवबाग संगम, त्सुनामी बेट, स्कूबा डायव्हिंग : जलपर्यटन १,८०० रुपये माणशी, समाविष्ट’ असं लिहिलं आहे. यातलं काहीही झालं नाही. ‘रोज ताजी मासळी’ असंही होतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, हे मला तिथंच कळलं. जेवणाबद्दल मी भांडत नाही, पण पत्रकातली ही ओळही मे महिन्यापुरतीच खरी होती.

किल्ल्याऐवजी काय दाखवलं? रॉक गार्डनला अर्धा तास. त्यानंतर काजू-कोकमाच्या एका दुकानात दीड तास. आम्ही खाजं घेतलं, आगळ घेतलं, लेकरांनी आंबापोळी घेतली. दुकानदाराचा काही दोष नाही. पण सहलीचा दीड तास तिथे जातो आणि कुणकेश्वरला जायला ‘उशीर झाला’ म्हणून ते रद्द होतं, हे बरोबर नाही. आणि होडी नव्हतीच, तर विजयदुर्ग होता. तो तीन बाजूंनी पाण्यात असला तरी गाडी पार दरवाजाजवळ जाते, होडी लागत नाही. एक दिवस तिकडे नेलं असतं, तर मी कदाचित हे पत्र लिहिलं नसतं. मी तसं सुचवलंही होतं. ‘रूटमध्ये नाही’ असं उत्तर मिळालं.

त्या संध्याकाळचा एक प्रसंग मुद्दाम लिहिते, कारण तुमच्या सहलीत काय नव्हतं ते त्यातून कळेल. हॉटेलशेजारी दुकान चालवणाऱ्या एका ताईंना सासूबाईंची हकिगत कळली. त्या म्हणाल्या, “आजी, नारळ परत नेऊ नका. मोरयाच्या धोंड्याला जा.” तुमच्या गाइडला मोरयाचा धोंडा ठाऊक नव्हता. ज्या जागी किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा झाली, २५ नोव्हेंबर १६६४ रोजी, ती ही जागा, मालवणच्या किनाऱ्यावरच. मी ही तारीख वर्षानुवर्षं मुलांकडून पाठ करून घेते, पण ती जागा चालत जाण्यासारखी आहे हे मला माहीत नव्हतं. आम्ही रिक्षा करून दांडीच्या किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. खडकावर कोरलेला गणपती आहे, चंद्र-सूर्य आहेत. सासूबाईंनी त्यावरून हात फिरवला, नारळ फोडला, एक तुकडा समुद्राला वाहिला आणि उरलेला आम्हा सगळ्यांना वाटला. समोर किल्ला होता. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

एवढी मोठी जागा, तिला ना तिकीट ना होडी, मुक्कामापासून इतकी जवळ, आणि तुमच्या तीन दिवसांच्या कार्यक्रमात तिचं नावही नाही. माणशी साडेनऊ हजार घेताना निदान स्थानिक माहीतगार माणूस सोबत द्या, ही माझी कळकळीची विनंती आहे.

गडू रिकामाच परत आला. शाळा १६ जूनला उघडली. ती मुलगी आता पाचवीत गेली आहे, पण पहिल्याच दिवशी माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. तिला काय सांगायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

११ जुलैला सिंधुदुर्गसह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. टीव्हीवर बातमी लागली तेव्हा सासूबाईंनी मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. “आपण गेलतो तो हाच न्हवं?” मी हो म्हटलं. त्या शेजारच्या बाईला अभिमानानं सांगत होत्या, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्याच दिवशी, १२ जुलैला, तुमची नवी जाहिरात माझ्या मोबाइलवर आली : ‘१५ ऑगस्ट विशेष, जागतिक वारसा सिंधुदुर्ग किल्ला, होडीच्या सफरीसह’. खरं तर हे पत्र मी त्यामुळेच लिहायला बसले. १५ ऑगस्टलाही होडी बंद असते. शुक्रवारला जोडून सुट्टी आहे, म्हणजे लातूर, धाराशिव, नांदेड, परभणीकडून माणसं पैसे भरणार, रात्रभर गाडीत बसणार, आणि कुणाची तरी आई त्या जेट्टीवर पाऊण तास बसणार. आमचं झालं ते झालं. निदान हे तरी थांबवा.

माझ्या मागण्या सरळ आहेत. जलपर्यटनाचे माणशी १,८०० प्रमाणे नऊ जणांचे १६,२०० रुपये परत करावेत. मी सगळे पैसे मागत नाही, कारण राहणं, जेवण आणि प्रवास आम्हाला मिळाला. १५ ऑगस्टच्या जाहिरातीतून होडीचा उल्लेख लगेच काढावा, आणि ज्यांनी आधीच बुकिंग केलं आहे त्यांना स्वतः फोन करून खरी परिस्थिती सांगावी. जून ते ऑगस्टच्या प्रत्येक सहलीच्या पत्रकावर ‘या काळात किल्ल्यावर जाता येत नाही’ असं ठळक छापावं. आणि माझ्या सासूबाईंच्या नावानं, मराठीत, दिलगिरीचं एक पत्र पाठवावं. मी ते त्यांना वाचून दाखवेन.

दोन्ही पावत्या, छापील पत्रक, नव्या जाहिरातीचा फोटो आणि ८ जूनला जेट्टीवर काढलेले, झाकलेल्या होड्यांचे तीन फोटो सोबत जोडले आहेत. फोटोंवर तारीख आणि वेळ आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मी लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्यानुसार मी राहते तिथेच दाद मागता येते आणि पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही, याची मी चौकशी केली आहे. तिथे जायची वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण शाळा सोडून तारखांना जाणं मला परवडणारं नाही. पण गेले तर शेवटपर्यंत जाईन.

होडी सप्टेंबरात सुरू होते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सासूबाईंना घेऊन एसटीनं पुन्हा मालवणला जाणार आहोत. तुमचे १६,२०० रुपये त्याआधी मिळाले, तर त्या प्रवासाला उपयोगी पडतील.

आपली ग्राहक,
एक शिक्षिका, ता. औसा, जि. लातूर