'युनिफॉर्म'च्या आधी 'ॲन' कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुसरी-तिसरीच्या मुलांकडून 'ए, ई, आय, ओ, यू आलं की ॲन' हा इंग्रजीचा नियम घोकून घेणं बंद व्हावं, एवढ्यासाठी हे पत्र. मी बार्शीत घरीच प्राथमिकच्या शिकवण्या घेते. मराठी माध्यम, सेमी, इंग्रजी माध्यम अशी सगळीकडची मुलं येतात आणि आर्टिकलपाशी आली की सगळी सारखीच अडखळतात.

परवाच्या घटक चाचणीत एका मुलीने 'अ युनिफॉर्म' लिहिलं होतं. बाईंनी लाल पेनाने खोडून 'ॲन' केलं आणि अर्धा गुण कापला. आईने शाळेत जाऊन विचारलं, तर उत्तर मिळालं, 'यू व्हॉवेल आहे ना, मग ॲनच.' शाळेचं नाव देत नाही. हेच उत्तर दुसऱ्या पाच शाळांतही मिळेल. अहो, पण हा नियम अक्षराचा नाहीच, उच्चाराचा आहे. युनिफॉर्म 'य'ने सुरू होतो आणि 'य' हे व्यंजन आहे. मुलीचं बरोबर होतं.

खरं तर हे ओळखायचं साधन आपल्या मुलांच्या हातात पहिलीपासूनच असतं. स्वर कुठले, व्यंजनं कुठली हे त्यांना माहीत असतं, आणि देवनागरीत शब्द बराचसा बोलतो तसाच लिहिला जातो. म्हणून मी इंग्रजी शब्द आधी देवनागरीत लिहायला लावते. अंब्रेला, पहिला 'अ', म्हणून ॲन. युनिव्हर्सिटी, पहिला 'य', म्हणून नुसता अ. तासाचा 'अवर' लिहिला की स्पेलिंगमधला एच आपोआप गळून पडतो आणि ॲन लागतो. 'वन रुपी नोट' लिहिली की ओ जाऊन 'व' येतो. एकदा ही किल्ली सापडली की पोरं घरभर कुलपं शोधत फिरतात. एकाने कंपासमधून पेन्सिल काढून विचारलं, 'बाई, हिला काय लावायचं?' एच व्यंजन खरं, पण 'एच' म्हणताना तोंडातून आधी 'ए' निघतो, म्हणून ॲन एचबी पेन्सिल. मग ॲन एस.टी. बस आली, ॲन एक्स-रे आला, ॲन एमएलए आला. जिचे वडील पोलिसात आहेत तिने ॲन एफआयआर आणला.

दुसरं असं, की वर्गात 'ए बॉल, ए कॅट' असं लांबवून म्हणवून घेतात. बोलताना तो सहसा 'अ' असतो. 'अ ॲपल' भरभर म्हणून बघा, जीभ अडते की नाही? तिथेच 'न' मदतीला येतो. या 'न'ने खुद्द इंग्रजांनाही चकवलं आहे. क्रिकेटमधला अंपायर पूर्वी 'न'ने सुरू व्हायचा. बोलता बोलता तो 'न' आर्टिकलला जाऊन चिकटला आणि अंपायर उरला. पुढच्याच शब्दाचा उच्चार बघायचा हे एकदा कानात बसलं, की 'ॲन रेड ॲपल' अशी चूकही होत नाही.

'द'चं दुखणं मात्र वेगळं आहे. मराठीत त्या जागी बहुतेक वेळा काहीच नसतं, त्यामुळे मुलं ती जागा मोकळी सोडतात. त्याला आळस म्हणू नये. घरात फक्त इंग्रजीच बोलणारी मुलंसुद्धा बोलायला शिकताना आधी आर्टिकल गाळूनच बोलतात. मी 'चल रे भोपळ्या'ची गोष्ट सांगते. 'वाटेत म्हातारीला एक वाघ भेटला. वाघ म्हणाला, म्हातारे म्हातारे, तुला खातो.' इथे थांबून विचारते, कुठला वाघ म्हणाला? सगळे ओरडतात, 'तोच, वाटेत भेटलेला!' झालं. पहिल्यांदा भेटला तेव्हा अ टायगर, आता ओळखीचा झाला म्हणून द टायगर. मग लेकीच्या घरापर्यंत मुलंच आर्टिकल लावत जातात. नंतर कोल्हा आला की एखादं पोर हमखास 'द फॉक्स' म्हणतं आणि बाकीची त्याच्यावर तुटून पडतात, 'अजून कुठे भेटलाय तो?' व्याख्येने हे झालं नसतं.

गंगेला द लावायचा आणि माउंट एव्हरेस्टला नाही, असले प्रश्न मात्र चौथीच्या आत विचारूच नयेत. त्या वयात ते पाठांतरच होतं आणि पुढच्या इयत्तेत पुसलं जातं. द सन, द मून एवढं पुरे.

2000 सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे आर्टिकलची रिकामी जागा आता अगदी लहान मुलांच्या वहीत येऊन बसली आहे. पाठ्यपुस्तक मंडळाने शिक्षकांसाठीच्या सूचनांमध्ये 'शब्द आधी मोठ्याने म्हणवून घ्या' एवढी एक ओळ ठळक छापावी. पेपर तपासणाऱ्यांनीही ॲनवर लाल पेन चालवण्याआधी तो शब्द एकदा स्वतः उच्चारून बघावा. आणि 'द' राहिला म्हणून चौथीपर्यंत गुण कापू नयेत, वहीत दुरुस्त करून द्यावा.

आपली,
एक शिकवणी घेणारी बाई,
बार्शी, जि. सोलापूर